पमीचा पाचवा फाउल

झोप येत नाहीये आणि जागंही राहवत नाहीये. दुपारचे तीन वाजले असतील. नागपूरचा मे महिना आहे, कूलर धडधडून राहिलाय, त्यात पाणी टाकायला उठायला हवं, पण गुडघे म्हणतात चुपचाप पड. दोन्ही गुडघे बदललेत माझे. वीस वर्षं मुरमाच्या आणि सिमेंटच्या कोर्टावर उड्या मारल्या, दुसरं काय होणार! मी कूस बदलते, उशी उलटी करते, पुन्हा सुलटी करते. पंख्याकडे बघते, मग त्याचाही राग येतो.

पाच वाजता केतकी मला न्यायला येणार आहे. साडेपाचला आमच्या जुन्या मैदानावर पमीची शोकसभा आहे आणि तिथे मी बोलायचं आहे.

पमी म्हणजे प्रमिला धोटे, लग्नानंतरची गावंडे. आम्ही दोघी नऊ वर्षं एकाच संघातून बास्केटबॉल खेळलो. मी पुढे भारताच्या संघात गेले, खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागली, सहा देश पाहिले, गुडघा गेल्यावर कोच झाले, साठाव्या वर्षी हार घालून घेतला आणि घरी आले. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. पमी वर्ध्याच्या एका शाळेत पीटीची बाई झाली. तीन आठवड्यांपूर्वी अंगण झाडता झाडता दम लागला म्हणून पायरीवर बसली, ती उठलीच नाही.

केतकी तिची मुलगी. लग्न होऊन नागपुरातच आली आणि माझ्या म्हातारपणाला देवासारखी मिळाली. माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्रंदिवस तीच होती. दर रविवारी ती आणि तिची छोकरी माझ्याकडे जेवायला असतात. खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं कोणी येतही नाही. मैदानावरची पोट्टी सकाळी पाया पडतात आणि पळतात.

तर परवा केतकी फोनवर म्हणाली, "मावशी, रडारड नको हं. आईला नाही आवडायची. तुम्ही तो पाचव्या फाउलचा किस्सा सांगा ना. आई स्वतःच किती हसून सांगायची."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार, सांगा!

किस्सा असा. त्र्याऐंशी सालची विभागीय फायनल, आमच्याच मैदानावर. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर बसतो. शेवटची तीन मिनिटं उरली होती. पमीनं फाउल केला आणि लगेच हात वर केला. तिच्या मोजणीप्रमाणे तो चौथा. टेबलावरच्या माणसानं उचलली पाचाची पाटी. पमी बाहेर! पोरीला चार मोजता आले नाहीत, म्हणून आख्खं मैदान हसलं आणि पुढची बेचाळीस वर्षं हसतच राहिलं. आम्ही जिंकलो. निवड समितीनं भारताच्या शिबिरासाठी माझं नाव घेतलं. पमीच्या नावापुढे म्हणे कोणीतरी लिहिलं होतं, मोक्याच्या वेळी हिचं लक्ष नसतं.

आता खरं काय ते ऐका. पमीचे चारच होते. त्या पाचांतला एक माझा होता, तो तिच्या नावावर लागला आणि मला ते त्याच क्षणी माहीत होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आणि आज संध्याकाळी माइक धरून तोच विनोद सांगायचा, की खरं सांगायचं, हे काही केल्या ठरत नाहीये. विनोद सांगितला तर सगळे हसतील. खरं सांगितलं तर केतकी पुन्हा या घराची पायरी चढेल असं वाटत नाही.

मी परत कूस बदलते. डोळे जड होतायत. कूलरचा आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो.

"सरक तिकडे," पमी म्हणते.

मी सरकते. ती पलंगाच्या कडेला बसते. जांभळी साडी आणि तिच्यावर सात नंबरची जर्सी. पायात शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट. केस पिकलेले आहेत आणि दंड मात्र बाविशीतले, चांगले घट्ट.

"पमे, तू मेलीस ना?"

"हाव. मंग काय बसू नाई?"

"बस की. चहा टाकू?"

"अशा उन्हात चहा? डोकं फिरलं काय वं तुझं? पाणी दे."

मी उठते. गुडघे जराही कुरकुरत नाहीत, याचं मलाच नवल वाटतं. स्वयंपाकघरात जाते तर ओट्याच्या जागी मैदान आहे. बास्केटच्या खांबाखाली माठ ठेवलाय, त्याच्यावर ताटली. मी ग्लास बुडवते तर माठात लाल मुरूम, कोरडा खडखडीत. मला भयंकर लाज वाटते. घरी आलेल्या माणसाला साधं पाणी देता येऊ नये म्हणजे काय!

पमीचं लक्षच नाही. ती खुर्च्या मोजतेय. प्लास्टिकच्या लाल खुर्च्या ओळीनं मांडल्यात. ती शेवटपर्यंत जाते, उभी राहते, पुन्हा पहिल्या खुर्चीपाशी येते आणि एकपासून सुरू करते.

"अगं, आत्ताच तर मोजल्यास."

"मले मोजता येत नाई ना," ती म्हणते. मला कारलं आवडत नाही असं म्हणावं तितक्या सहज. "म्हणून दोनदा मोजते. कंदी कंदी तीनदा."

"असं नको बोलू."

"काऊन? आख्ख्या वर्ध्याले माहीत आहे."

खुर्च्यांवर मुली बसल्यात. निळे स्कर्ट, मांडीवर डबे, खिडक्यांतून गरम वारा येतोय आणि बस चालू आहे. शाळेची सहल. पमी दोन ओळींच्या मधून डोक्यांवर बोट ठेवत पुढे येते आणि मागे जाते. मुली कंटाळल्यात. "बाई, झालं ना मोजून, आता जाऊ द्या," त्यातली एक ओरडते. पमी ऐकत नाही. तिच्या कपाळावर घाम आहे. हा खरा घाम आहे, भीतीचा. एखादी पोरगी राहून गेली तर काय, असा. हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या घरचे सांगायचे तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

"किती झाल्या वं शरू?" ती मला विचारते.

"एकेचाळीस."

"तू नको सांगू," ती म्हणते आणि पुन्हा पहिल्या मुलीपासून सुरू करते.

हिला माहीत आहे का? मी तिच्या मागे मागे जाते, पण बस लांबतच जाते, सीटमागून सीट येतात, आणि पमीची सात नंबरची पाठ पुढेच असते.

"पमे, मला तुला एक सांगायचं आहे."

"सांग ना. बेचाळीस वर्षं कोणं धरलं होतं तुले?"

बस कचकन थांबते. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडतो आणि शिट्टी वाजते. तोंडात धूळ जाते. वर लोखंडी रिंग हलतेय. समोरच्या संघाची एक उंच पोट्टी खाली पडलीय, कोपर धरून विव्हळतेय. तिचं कोपर माझ्याच धक्क्यानं फुटलंय. अजूनही माझ्या खांद्याला तो धक्का जाणवतो.

तेव्हा नियम असा होता की ज्याचा फाउल, त्यानं स्वतः हात वर करायचा. सरळ, डोक्याच्या वर, टेबलाकडे तोंड करून. पंच शिट्टी वाजवून थांबायचे आणि हात शोधायचे. गर्दीत कोणाचा धक्का लागला ते त्यांना नेहमी दिसायचंच असं नाही. आपला फाउल आपण सांगायचा, ही आम्हाला लहानपणापासूनची शिकवण. जेवायच्या आधी हात धुवावा तसा तो हात वर जायचा.

पंच थांबलेत. शिट्टी तोंडात तशीच. ते माझ्याकडे बघतात, पमीकडे बघतात. पमीची पाठ आहे. ती त्या पडलेल्या पोट्टीला हात देऊन उठवतेय, तिच्या कोपरावरची माती झटकतेय. माझे चार झालेत. हा पाचवा. हात वर केला की मी बाहेर, आणि समोर निवड समितीचे तिघे मांडीवर कागद घेऊन बसलेत. आठ मिनिटं उरलीयत.

मी खाली वाकते आणि बुटाची नाडी बांधायला लागते.

नाडी सुटलेली नाहीये. मी ती सोडते आणि बांधते. पुन्हा सोडते. मला माहीत आहे की हे स्वप्न आहे, आणि स्वप्नात तरी मला उठता येईल असं वाटतं. उठ ना गं बाई, मी स्वतःला म्हणते. कर हात वर! पण नाडी संपत नाही. बोटांना गुंडाळली जाते, मी ओढते तेवढी लांब होते.

"बांधलेलीच तर आहे," पमी माझ्याजवळ उकिडवी बसून म्हणते. आता ती म्हातारी आहे, चष्मा आहे. "कायले बांधून राहिली?"

"करते. मी आत्ता करते हात वर. थांब."

"आता? गेले ना पंच."

मी मान वर करते. पंच पार टेबलापाशी पोचलेत. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताची दोन. सात. टेबलावरचा माणूस मान हलवतो आणि लिहितो. पमीला काही माहीत नाही. ती त्या पोट्टीच्या कोपरावर फुंकर घालतेय.

"ओरड ना," मी तिला म्हणते. "मागे बघ! तुझ्या नावावर लावतायत."

"मी कशी पाहू? माझी तर पाठ होती," पमी म्हणते.

पुन्हा शिट्टी. या वेळी तिचा हात वर आहे. कसा सरळ हात! ती हसतेय सुद्धा, कारण तिनं हिशेब करूनच तो फाउल केलाय, एक हातचा राखून. आणि टेबलावर पाचाची पाटी. मैदान हसतं. पमी पाटीकडे बघते, आपल्या बोटांकडे बघते. मग धावत माझ्याकडे येते. तिच्या श्वासाला आवळ्याचा वास येतो, खेळताना तोंडात धरायची ती सुकवलेला आवळा.

"शरू, माझे चारच झाले. चारच! पंचांशी बोल ना. तू कॅप्टन आहे, तुलेच बोलता येते."

हे खरं आहे. कॅप्टनशिवाय कोणी पंचांशी बोलायचं नाही, हाही नियमच. मी तोंड उघडते. बेचाळीस वर्षं मी या एका वाक्याच्या जागी दुसरं वाक्य ठेवून बघितलंय. आंघोळ करताना, भाजी चिरताना, विमानात, परदेशात भारताची जर्सी घालून राष्ट्रगीताला उभी असतानासुद्धा. आता फक्त ते म्हणायचं आहे. माझा होता, एवढंच.

"जा, बस," माझं तोंड म्हणतं. "मोजायला चुकलीस तू."

मैदानावर कोणी नाही. आम्ही दोघी तिच्या वर्ध्याच्या घराच्या ओसरीवर बसलोय आणि ती परातीत तांदूळ निवडतेय.

"पंचानं म्हटलं असतं ना, तर मी भांडली असती," ती म्हणते. तिचा आवाज चढलेला नाही, तेच वाईट आहे. "त्या टेबलवाल्याची तर मी गचांडी धरली असती. पण तू म्हटलं. म्हणून मी बसली जाऊन. मले वाटलं, शरू म्हणते म्हणजे मीच चुकली असन."

"पमे..."

"शाळेत सांगायचे, गावंडेबाई, म्याचीले टेबलावर बसा, फाउल लिहा. तीस वर्षं नाई बसली. म्हटलं, माझ्या हातून एखाद्या पोरीचं नुकसान व्हायचं."

मला रडू येतं. मी लहान पोरीसारखी भोकाड पसरते. "माफ कर मला. पाया पडते तुझ्या."

"चूप! माफी मागतली का म्या? पाणी मागतलं होतं."

मी हसते आणि रडते. ती पण हसते. ती जुनीच पमी, हसताना मान मागे टाकणारी. क्षणभर सगळं ठीक आहे असं वाटतं. मग ती परात खाली ठेवते.

"संध्याकाळी काय सांगशीन?"

"खरं सांगते," मी डोळे पुसत म्हणते. "सगळ्यांपुढे. माइकवर. म्हणते की प्रमिला चुकली नव्हती, मी खोटं बोलले."

मला वाटतं तिला बरं वाटेल. तिच्या कपाळाला आठी पडते.

"आन टाळ्या घेशीन."

"काय?"

"घेशीनच ना. लोकं म्हणतीन, शरयूताईचं मन केवढं मोठं! कोणी रडीन, कोणी पाया पडीन, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. माझी सभा, अन् तिथंबी तूच मॅन ऑफ द मॅच." ती पदरानं तोंड पुसते. "नको बापा. माझ्या मरणावर तरी तू नको खेळू."

बसलं ते बरोबर वर्मी. कारण दुपारभर पडल्या पडल्या मी शब्दच जुळवत होते. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा. हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

"मग करू काय?"

"केतकीले सांग. एकटीले."

"ती तोडेल मला."

"तोडू दे."

"तोडू दे काय? तीच तर आहे मला! रविवारी तिची वाट बघते मी. तिच्याशिवाय कोण येतं माझ्याकडे? तुझं काय जातं, तू मेलीस!" मी चक्क ओरडते. मेलेल्या मैत्रिणीवर, तिच्याच ओसरीवर.

पमी रागावत नाही. ती आतल्या खोलीकडे बोट दाखवते. आत केतकीची छोकरी वहीवर डोकं टेकून बसलीय. पाढे समोर आहेत आणि ती पेन्सिल चावतेय.

"गेल्या महिन्यात गणिताचा पेपर आणला तिनं. सात मार्क. केतकी काय म्हणली, आठवते?"

आठवतं. मी तिथेच होते, माझ्याच घरी, हातात वरणाची वाटी. केतकी हसत म्हणाली होती, आजीवर गेली आमची, मोजायचं डोकंच नाही घराण्यात. आणि मीही हसले. खो खो हसले.

"लेकरू आता उत्तर पाह्यतच नाई," पमी म्हणते. "म्हणते, मले नाई येत, मी आजीवर गेली. मले मोजता येत होतं वं शरू. चांगलं येत होतं."

ओसरीचा रंग उडून पांढरा होतो, तांदूळ पांढरे, साडी पांढरी, दुपारच्या उन्हात डोळे उघडत नाहीत. कुठेतरी शिट्टी वाजते, लांब, एकसारखी. पंच थांबलेत. हात शोधतायत.

"कर वर," पमी म्हणते.

"नाही होत."

"कर म्हणते ना."

ती माझं मनगट धरते. बापरे, काय पकड! चेंडू हिसकावून घ्यायची तेव्हा असंच धरायची, समोरच्या पोट्टीच्या बोटांना मुंग्या यायच्या. ती माझा हात वर ओढते. मी खाली ओढते. आम्ही दोघी म्हाताऱ्या झटापट करतोय.

"दुखतं गं!"

"दुखू दे," पमी म्हणते आणि आणखी घट्ट धरते. तिचा चेहरा अगदी जवळ आहे, आवळ्याचा वास आहे, आणि मग तो नाहीये.

"मावशी! ओ मावशी!"

कूलर धडधडतोय. उशी ओली आहे. पलंगाच्या पायथ्याशी केतकी उभी, पांढरा पंजाबी ड्रेस घातलेली, हातात गाडीची किल्ली.

"किती वेळची बेल वाजवून राहिले मी. शेवटी शेजारच्या काकूंकडून किल्ली आणली. घाबरवलं ना तुम्ही!" ती जवळ येते. "आणि हे काय? हात कशाला वर धरलाय असा?"

मी बघते. माझा उजवा हात डोक्याच्या वर सरळ ताठ उभा आहे. खांद्याला कळ लागलीय.

"बघू," म्हणत केतकी हात धरते आणि हळूच खाली घ्यायला बघते. मग थांबते. "अगं बाई, मावशी, हे काय झालं मनगटाला?"

मनगटावर चार बोटं उठलीयत. लालभडक, जाडजूड, एकेक वळ मोजून घ्यावा अशी. माझा डावा हात चादरीखाली आहे आणि त्याची बोटं माझी आहेत, सुकलेली, बारीक. ती या वळांवर बसणार नाहीत हे बघायला ठेवून पाहायचीसुद्धा गरज नाही.

केतकी त्यांवर फुंकर घालते. "मलम लावू? उशीर होतोय तसा, पण लावते. लोक जमले असतील. तुम्ही काय बोलायचं ते ठरवलंत ना?"

"केतकी, बस."

"गाडीत बोलू ना."

"नाही. इथे बस. तिथे मी काही बोलणार नाही. तुझ्या आईच्या शाळेतल्या मुली बोलू देत."

ती बसते. माझं मनगट तिच्या हातात तसंच आहे, तिचा अंगठा त्या वळांवरून हळूहळू फिरतोय. दोन दिवसांवर रविवार आहे हे मला आठवतं, आणि मी ते आठवणं बाजूला सारते.

"तुझी आई मोजायला चुकली नव्हती," मी म्हणते. "तिचे चारच झाले होते. त्या पाचांतला एक माझा होता. मी हात वर केला नाही, आणि ती विचारायला आली तर तिला म्हटलं की तूच चुकलीस."

केतकीचा अंगठा थांबतो. ती माझ्याकडे बघते. मग ती माझा हात सोडते.

मी तो खाली घेत नाही.